मामांची उभी मूठ

वस्तू विकत घेणे ही साधी क्रिया माझ्या बायकोच्या मामांइतकी गंभीरपणे या पृथ्वीतलावर दुसऱ्या कुणी केली असेल, असं मला वाटत नाही. आपण दुकानात जातो, वस्तू बघतो, जरा घुटमळतो आणि घेऊन येतो. मामा प्रत्येक वस्तूकडे लग्नाच्या स्थळासारखं बघतात. घराणं कुठलं, आधी कुठे जमलं होतं का, मोडलं तर का मोडलं, रागावलं तर कसं वागतं, म्हातारपणी साथ देईल का, हे सगळं कळल्याशिवाय ते पाकिटाला हात लावत नाहीत. इंग्लंडात रीडिंग गावी घर घेताना ते एकदा एजंटबरोबर, एकदा भर पावसात, एकदा शाळा सुटायच्या वेळी आणि एकदा कचऱ्याची गाडी येते त्या सकाळी, असे जाऊन आले होते. शेवटच्या खेपेला घराच्या मालकिणीने सौजन्याने चहा विचारला, तर मामा म्हणाले, "चहा नको, नुसतं नळाचं पाणी द्या, मला चव बघायचीय." गादी घ्यायची होती तेव्हा दुकानात जाताना पिशवीत पायजमा घेऊन गेले. सेल्समनने फार नम्रपणे विचारलं, की गादी बघायला कपडे बदलायची खरंच गरज आहे का. मामा म्हणाले, "मी जीन्स घालून झोपत नाही." मग ते बदलून आले, कुशीवर वळले, आणि त्यांना खरोखरच गाढ झोप लागली. मामी शेजारच्या डबल बेडवर बसून वह्या तपासत होत्या. दुकान बंद व्हायची वेळ झाली तेव्हा सेल्समन मामींपाशी येऊन अगदी हळू आवाजात म्हणाला, "यांना उठवू का, की उद्या या तुम्ही?"

मामी म्हणजे शांतपणाचा डोंगर. त्या इथल्या एका शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समजावून सांगणं आणि पुन्हा पुन्हा ऐकून घेणं, या दोन्हींची त्यांना सवय आहे. मामा मूळचे नागपूरचे. उभी हयात त्यांनी इन्शुरन्स कंपनीत धोका मोजण्यात घालवली. कुणाचं छप्पर वादळात उडेल, कुणाच्या तळघरात पाणी शिरेल, याचा अंदाज बांधायचा, आणि तो बरोबर आला की चूक हे कळायच्या आत पुढच्या कामाला लागायचं. सगळ्या आयुष्याचा तोल असा सावधपणावर उभा असलेल्या या माणसाच्या घरात बंदूक आली, तेव्हा आमच्या अख्ख्या नातेवाइकांत खळबळ उडाली.

बंदुकीला निमित्त झालं मामांच्या ऑफिसच्या सहलीचं. कुठल्याशा शेतावर सगळ्यांना क्ले शूटिंगला नेलं होतं. यंत्रातून मातीची एक छोटी नारिंगी बशी हवेत भिरकावतात आणि आपण ती शॉटगनने, म्हणजे छऱ्यांच्या बंदुकीने, उडतानाच फोडायची, असा तो खेळ. त्यात कुणाचा जीव जात नाही, जातो तो फक्त बशीचा. मामा तिथे जॅकेटच्या खिशात कापसाचे बोळे घेऊन गेले होते, कारण आवाज अडवायला तिथे मिळणाऱ्या कानझाकण्यांबद्दल त्यांनी बरं वाचलं नव्हतं. त्यांनी बंदूक खांद्याला लावली, बशी उडाली, आणि पहिल्याच बाराला आभाळात तिचा भुगा झाला. बाकीचे हसतखेळत पुढे गेले. मामा मात्र खाली पडलेल्या तुकड्यांकडे बघत राहिले. पुढच्या रविवारी आमच्याकडे जेवायला आले तेव्हा वरणभात कालवता कालवता मला म्हणाले, "तुला सांगतो, एवढी वर्षं नोकरी केली, पण मी जे केलं त्याचं पुढे काय झालं हे त्या दिवशी मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं."

इथे शॉटगनचं लायसन्स द्यायच्या आधी पोलिसांचा माणूस घरी येऊन जातो. बंदुकीचं लोखंडी कपाट भिंतीत नीट बसवलंय ना ते बघतो, आणि घरातल्या माणसांशी बोलतो. त्याने मामींना बाजूला घेऊन विचारलं, "तुमचे मिस्टर पटकन चिडतात का?" मामी म्हणाल्या, "पटकन ते काहीच करत नाहीत. चिडायचं ठरलं तरी आधी महिनाभर चौकशी करतील." तो गृहस्थ हसला आणि पुढचे प्रश्न त्याने विचारलेच नाहीत म्हणे. कायद्याप्रमाणे त्या कपाटाची किल्ली कुठे असते हे फक्त मामांनाच माहीत असायला हवं. हा नियम मामींना अजून पचलेला नाही. "स्वतःचे मोजे कुठे आहेत हे मला विचारतात," त्या म्हणतात, "आणि किल्ली कुठे आहे हे सांगत नाहीत. मी शोधत नाही. शोधली तर दोन मिनिटांत सापडेल, आणि मग ते बेकायदेशीर होईल."

बंदूक निवडायला मामांना जवळजवळ वर्ष लागलं. क्लबमधल्या बहुतेकांकडे पारंपरिक दुनळी, एकीवर एक नळी असलेली. ती मधोमध दुमडून हातावर टाकली की लांबूनही कळतं, की आत काही नाही. मामांनी मात्र निवडली सेमी-ऑटोमॅटिक. एक बार उडाला की पुढचं काडतूस ती आपलं आपण वर घेते, आणि ते करता करता धक्क्यातला बराचसा भाग स्वतःच गिळून टाकते, म्हणून खांदा दुखत नाही. पण रिकामी काडतुसं ती उजव्या बाजूला थुंकते, त्यामुळे ट्वीडच्या टोप्या घातलेली जुनी मंडळी तिच्याकडे जरा नाक मुरडून बघतात. मामांना त्याचं काही नव्हतं. दर शनिवारी सकाळी ते बंदूक कव्हरमध्ये घालून मैदानावर जायचे आणि दुपारी, बहुतेक वेळा बऱ्याच बशा चुकवून, अत्यंत सुखी चेहऱ्याने परत यायचे.

मग एका जानेवारीत ते पडले. रीसायकलिंगचा डबा रस्त्यावर ठेवायला म्हणून सकाळी बाहेर गेले. बुटांच्या बाबतीत या माणसाने तळव्याच्या रबराची जात विचारून बूट घेतलेले. पण त्या दिवशी, आयुष्यात बहुधा एकदाच, चौकशी न करता दाराशी होत्या त्या मामींच्या सपाता पायात अडकवल्या. फरशीवर बर्फाचा पापुद्रा होता. डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलं होतं, बोटं हलत होती, सगळं ठीक होतं, फक्त तळवा वर वळत नव्हता. अर्ध्यावर येऊन थांबायचा. डॉक्टर म्हणाले, कदाचित थोडं सुधारेल, कदाचित इतकंच राहील. मामांनी विचारलं, "कदाचित म्हणजे शेकडा किती?" डॉक्टरांनी खांदे उडवले. धोका मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे उत्तर किती लागलं असेल, ते त्यांच्या शेजारी बसलेल्या मामींनाच माहीत.

बंदूक धरताना उजवा हात मागे चापाशी असतो आणि डावा पुढे, नळीखालच्या लाकडाला खालून आधार देत, तळवा आभाळाकडे, आपण ताट तोलून धरतो तसा. नेमकं तेच मामांना जमेना. दोनचार शनिवार त्यांनी दात आवळून प्रयत्न केला. मग एका शनिवारी गेलेच नाहीत, आणि त्याच्या पुढच्याही. आम्हाला वाटलं, थंडी आहे, जरा आराम करतायत. पण एका संध्याकाळी मी ऑफिसात असताना मामींचा फोन आला.

"अरे, ते आज किटली घेऊन आले."

"बरं, मग?" मी म्हणालो.

"दुकानात गेले, पाहिली आणि घेतली."

मी लॅपटॉप बंद केला. "कुठल्या कंपनीची?"

"तेच तर सांगतेय," मामी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "त्यांना माहीत नाही."

घरी येऊन मी ही गोष्ट बायकोला सांगितली. झोपायच्या आधी ती म्हणाली, "मामांना रविवारी बोलाव. काहीतरी काम काढ." काम तयारच होतं. आमच्या हॉलमध्ये एक फळी लावायची कधीची राहिली होती. इथल्या विटांच्या भिंतीला साधं ड्रिल पुरत नाही, म्हणून मी शेजाऱ्याचं दणकट हॅमर ड्रिल मागून आणलं. त्याला मागे एक मूठ असतेच, पण पुढे, तोंडाजवळ, डाव्या हाताने धरायला खाली लोंबणारी आणखी एक मूठ असते. मामा आले, फळीकडे न बघताच "हं" म्हणाले, आणि मी हातात दिलं म्हणून त्यांनी ते ड्रिल उचललं. उजवा हात मागे, डावा हात पुढच्या मुठीवर. अंगठा वर, तळवा आडवा, आतल्या बाजूला. ते तसेच उभे राहिले. मला वाटलं, ड्रिल जड झालं.

"दुखत नाहीये," मामा म्हणाले.

"काय दुखत नाहीये?"

"हे असं उभं धरलं ना, तर दुखत नाही. तळवा वळवावाच लागत नाही." आणि त्यांनी ते ड्रिल हळूच खांद्याला लावलं, गाल टेकवला, आणि दारापासून खिडकीपर्यंत छताखालून कुणी न टाकलेली एक बशी सावकाश टिपत नेली. बायको चहाचा ट्रे घेऊन नेमकी त्याच वेळी दारात आली. "मामा, ते ड्रिल आहे," ती म्हणाली. "माहितीये मला. तू चहा ठेव आणि जरा बाजूला हो," असं म्हणून त्यांनी उलट्या दिशेने आणखी एक बशी टिपली. फळी त्या दिवशी लागली नाही, आणि ड्रिल शेजाऱ्याला परत द्यायला पुढचा आठवडा उजाडला, कारण मामा ते घरी घेऊन गेले होते.

बंदुकीच्या पुढच्या भागाखाली अशी मूठ बसवता येते. इंग्रजीत तिला व्हर्टिकल फोरग्रिप म्हणतात. मामांनी तिथल्या तिथे तिचं बारसं केलं, उभी मूठ. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरात स्थळं बघायला सुरुवात झाली. लाटणं उभं धरून झालं, बत्ता झाला, रवी झाली, छत्रीची मूठ, व्हॅक्युम क्लीनरचा दांडा, बाथरूममधला ब्रश, सगळं झालं. लाटणं टोकाला निमुळतं, त्यामुळे मूठ फार आवळली जाते आणि कोपरापर्यंतचा हात भरून येतो. बत्ता जाड, बोटं तळव्याला टेकतच नाहीत, मग मनगट ताठ होतं. मूठ लांब असली तर बंदूक मैदानावरच्या मांडणीवर धड उभी राहत नाही, कलंडते. आखूड असली तर करंगळी बाहेर लटकते, आणि मामांच्या मते ज्या पकडीत करंगळीला जागा नाही ती पकडच नव्हे. मामी म्हणाल्या, "आमच्याकडे पोळ्या करायच्या असतील तर आता लाटणं अपॉइंटमेंट घेऊन मिळतं." पण हे सांगताना त्या हसत होत्या. कितीतरी दिवसांनी.

शेवटी या सगळ्यांतून बागेतल्या जुन्या खुरप्याची लाकडी मूठ पहिली आली. जाडी बरोबर, लांबी बरोबर, वापरून वापरून बोटांच्या खाचा पडलेल्या. हाताला तिची सवय व्हावी म्हणून मामा ते खुरपं कोटाच्या खिशात ठेवून फिरायला लागले. फिजिओथेरपीला गेले तेव्हाही ते होतंच. तिथल्या तरुण मुलीने उत्साहाने विचारलं, "अरे वा, बागकाम करता?" सत्याची आवड असल्यामुळे मामांनी तिला सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन, तिचा धक्का आणि मनगटाचा कोन हे सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. तिने कागदावर टेकवलेलं पेन उचललं आणि म्हणाली, "आपण बागकामच धरून चालू." लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनला जाणाऱ्या गाडीत ते डाव्या हातात खुरपं उभं धरून बसायचे. त्या डब्यात कुणी त्यांना कधी काही विचारलं नाही. इंग्रज माणूस खुरपं बघतो आणि मग उरलेला प्रवास न बघितल्यासारखं करतो.

आता खुरप्यासारखी मूठ बंदुकीला लावायची कशी, हा प्रश्न आला. मामांनी आधी घाई केली, म्हणजे त्यांच्या हिशेबाने घाई केली, आणि ऑनलाइन एक स्वस्त मूठ मागवली. ती आली, सुरेख होती, फक्त ती खेळण्यातल्या बंदुकीची होती. हे कळलं ते मैदानावर. क्लबचे सेफ्टी ऑफिसर ग्रॅहम म्हणून एक उंच, वाकलेले, फार कमी बोलणारे गृहस्थ आहेत. त्यांच्या देखत मामांनी काही बार काढले, आणि प्रत्येक बाराबरोबर मूठ थोडी थोडी पुढे सरकत गेली. शेवटी ती निघून हातातच आली. उजव्या हातात बंदूक, डाव्या हातात मूठ, असे मामा उभे. ग्रॅहम शांतपणे म्हणाले, "नळी समोरच राहू द्या." मग बंदूक रिकामी करून झाल्यावर त्या मुठीकडे बघून म्हणाले, "हिला घरी जायची घाई झालेली दिसते."

त्यानंतर मामा रीतसर बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्यांच्या बंदुकीचा पुढचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, सुंदर रेषांचा. त्याला भोकं पाडायला त्या कारागिराचा हात धजेना. त्याने उपाय सुचवला, की त्याच मापाचा प्लॅस्टिकचा दस्ता मिळतो, तो बसवू, त्याच्या पोटाला खाचांची धातूची पट्टी लावू आणि त्या पट्टीवर मूठ आवळू. खाचेत अडकली की धक्क्याने सरकणार नाही. मामांना हे पटलं, पण कुठल्या खाचेत, हा प्रश्न उरला. मूठ अंगाजवळ घेतली तर कोपर बरगडीला टेकतं, फार आराम वाटतो, पण दुसरं काडतूस खालून आत सारायचं असतं तिथे हात आडवा येतो. लांब नेली तर हात ताणला जातो आणि खांदा बोलायला लागतो. यासाठी मामांनी त्या दुकानाच्या किती खेपा घातल्या, हे विचारायची सोय नाही. ते प्रत्येक वेळी चकल्या घेऊन जायचे. पुढे पुढे तो माणूस आधी डबा उघडायचा आणि मग बंदुकीचं विचारायचा. शेवटी मधली एक खाच ठरली, मूठ लागली, आणि काढलेला लाकडी दस्ता मामींच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून मामांनी कपाटाच्या वरच्या खणात निजवला.

मूठ लावलेली ती बंदूक मैदानावर पहिल्यांदा आली त्या शनिवारी मीही गेलो होतो. मनगट मोडल्यापासून गाडी मामीच चालवायच्या, आणि आता आलोच आहोत तर म्हणून घडीची खुर्ची टाकून वह्या तपासत बसायच्या. ट्वीडच्या टोपीतले एक आजोबा मामांच्या बंदुकीकडे बघून म्हणाले, "कुठे लढाई लागलीय का?" दोघंतिघं हसले. मामाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. ग्रॅहमनी बंदूक घेतली, मूठ चारी बाजूंनी हलवून बघितली, ती हलली नाही. "नियमात बसते," ते म्हणाले. "मला दिसायला आवडत नाही. पण तो माझ्या डोळ्यांचा प्रश्न आहे, तुमच्या हाताचा नाही." आणि त्यांनी मामांना जागेवर बोलावलं.

मामांनी पहिली बशी चुकवली, दुसरी चुकवली, तिसरी चुकवली. बशी डावीकडून उजवीकडे तरंगत जायची आणि मामांची बंदूक तिच्या मागून हिसके देत जायची, थांबायची, परत हिसका द्यायची. माझ्याच्याने बघवेना. इतके महिने, इतकी लाटणी, इतक्या चकल्या. टोपीवाले आजोबाही आता हसत नव्हते, आणि ते जास्त वाईट होतं. मामांनी बंदूक रिकामी केली, खाली धरली आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

मामींनी पेनाचं टोपण लावलं. "तुम्ही ओढताय," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या.

"काय?"

"बंदूक. बसमधला दांडा धरल्यासारखी ती मूठ धरलीय आणि दिसली बशी की हाताने ओढताय. आधी तळवा नळीखाली असायचा तेव्हा ओढताच यायचं नाही, म्हणून तुम्ही कमरेतून वळायचात. आता ओढता येतंय म्हणून ओढताय. पायांपासून वळा. हात नुसता बरोबर जाऊ दे."

हे सगळं मराठीत झालं. ग्रॅहमनी माझ्याकडे बघितलं, मी इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मामांना म्हणाले, "आवळू नका. बोटं ठेवा, जोर नको. पक्षी हातात धरल्यासारखी." मामांनी पाय थोडे वळवले, खांदे सैल सोडले, डाव्या हाताची बोटं एकेक करून त्या मुठीवर ठेवली. बशी उडाली. या वेळी बंदूक मागून धावली नाही, तिच्याबरोबर गेली, जराशी पुढे झाली, आणि आभाळात एक नारिंगी ठिपका फुटून त्याचा धूर झाला. मामांनी बंदूक रिकामी केली, ती रिकामी असल्याची खूण करणारी लाल पट्टी लावली, मांडणीवर ठेवली आणि खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. चष्म्यावर काहीही नव्हतं. मामींनी वही उघडली आणि बराच वेळ एकाच पानाकडे बघत राहिल्या. टोपीवाले आजोबा लांबूनच म्हणाले, "ही लढाई तुम्ही जिंकणार असं दिसतंय."

त्यानंतरची दोन वर्षं शनिवार म्हटलं की मामा मैदानावर, हे पुन्हा ठरून गेलं. मनगट अर्ध्यावरच वळत राहिलं, पण मामांची दुकानातली तब्येत पूर्ववत झाली. एक टोस्टर घ्यायला ते घरून स्वतःचा ब्रेड घेऊन गेले, हे ऐकून आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मधेच मला दूर उत्तरेत, लीड्सला नोकरी मिळाली. घर आवरायच्या गडबडीत होतो, तरी निघायच्या आधीच्या शनिवारी मामा म्हणाले, "चल, एकदा येऊन जा." म्हणून गेलो.

ऑक्टोबरचा दिवस होता. ऊन होतं पण वारा बोचरा, म्हणून मामी खुर्ची न काढता गाडीतच बसल्या. शाळेत परीक्षांचा आठवडा होऊन गेला होता, त्या दमलेल्या दिसत होत्या. त्या दिवशी मामांच्या पुढे जोडी होती. एक बशी डावीकडून, एक उजवीकडून, एकदम सुटतात आणि मध्ये एकमेकींना ओलांडतात. दोन्ही टिपणं मामांना कधीच जमलं नव्हतं. मनगट धड असतानाही नाही. त्यांनी बंदूक लावली, मान डोलावली, बशा सुटल्या. पहिली फुटली. मामा कमरेतून वळले, त्यांचा कोट वाऱ्याने उडाला, आणि दुसरी, अगदी खाली जमिनीकडे उतरता उतरता, फुटली. ग्रॅहमनी दोन बोटांनी टोपीला स्पर्श केला. एवढं बोलणं त्यांच्या मानाने पुष्कळ होतं.

मामांनी बंदूक मांडणीवर ठेवली आणि ताबडतोब गाडीकडे वळून बघितलं. मीही बघितलं. मामींचं डोकं काचेला टेकलेलं होतं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता, मांडीवरची वही घसरून पायाशी पडली होती, आणि त्या शांत झोपलेल्या होत्या. मामांना लांबून ते दिसलं नसावं, कारण ते भराभर चालत निघाले, आणि मी काय करावं हे न सुचून त्यांच्या मागे. गाडीचं दार उघडल्याच्या आवाजाने मामींनी डोळे उघडले. क्षणभर त्यांनी मामांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"पाहिलंस?" मामांनी विचारलं.

"पाहिलं ना," मामी चष्मा वर सारत म्हणाल्या. "दोन्ही."

परतताना मी मागच्या सीटवर होतो. मामांनी सांगायला सुरुवात केली. आधी वारा कुठून होता ते, मग पाय कसे ठेवले ते, मग डावीकडची आधी घ्यायची की उजवीकडची याचा विचार, त्यावर ग्रॅहमचं मत, मग आपण त्या मताविरुद्ध का गेलो ते. सगळं, काही न गाळता, जणू ऐकणारी व्यक्ती मैदानावर नव्हतीच. मामी रस्त्याकडे बघत, योग्य तिथे "बरं" आणि योग्य तिथे "मग?" म्हणत होत्या. बाहेर कापणी झालेली शेतं मागे पडत होती. मला दोघांचेही फक्त खांदे आणि थोडे पांढरे केस दिसत होते, आणि मला उगीचच लीड्सला जाऊ नये असं वाटत होतं. रीडिंगचं वळण जवळ आलं, तेव्हा मामा अजून दुसऱ्या बशीपर्यंत पोचले नव्हते. मामींनी आरशात एकदा मागे बघितलं, आणि गाडीचा वेग थोडा कमी केला.